क्लच ऑइल पुन्हा पुन्हा कमी होतंय: जुन्या फोर-बाय-फोरमधली गळती शोधायची कशी

डबीतलं ऑइल खाली गेलं, भरलं, काही आठवड्यांत परत खाली. मग स्लेव्ह सिलिंडर (गिअरबॉक्सकडचा, ऑइलच्या दाबाने क्लच सोडवणारा) बदलला, थोडे दिवस बरं चाललं आणि पुन्हा तेच. जुन्या फोर-बाय-फोरच्या क्लचची ही तक्रार इतकी नेहमीची आहे की अनेकांनी तो गाडीचा स्वभाव म्हणून मान्यच केलेला असतो. बॉनेट उघडायचं, पाणी बघायचं, इंजिन ऑइल बघायचं आणि जाता जाता क्लचची डबी भरायची. ज्यांना हा रतीब बंद करायचा आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय.

पहिली गोष्ट पक्की समजून घ्या: हायड्रॉलिक क्लच ऑइल खात नाही. इंजिन थोडं ऑइल जाळतं. ब्रेकच्या डबीतली पातळीही पॅड झिजतील तशी खाली येते, कारण कॅलिपरचे पिस्टन बाहेर सरकतात आणि त्यांच्यामागची वाढलेली जागा ऑइलने भरते. क्लचमध्ये नेमकं उलटं घडतं. आपोआप ॲडजस्ट होणाऱ्या नेहमीच्या रचनेत प्लेट झिजली की डायफ्रामची (प्लेट दाबून धरणाऱ्या स्प्रिंगची) बोटं गिअरबॉक्सच्या बाजूला सरकतात, त्यांना रेटणारं रिलीज बेअरिंग मागे येतं, त्याला हलवणारा फोर्क फिरतो, स्लेव्हचा पिस्टन आत ढकलला जातो आणि तेवढं ऑइल डबीत परत जातं. म्हणजे प्लेट झिजताना पातळी किंचित वर चढायला हवी. ती खाली जात असेल तर ऑइल बाहेर पडतंय, एवढाच त्याचा अर्थ. ‘थोडंफार कमी व्हायचंच’ हे इथे लागू नाही.

म्हणून ‘कुठला पार्ट बदलू?’ हा प्रश्न बाजूला ठेवा आणि आधी ‘ऑइल जातंय कुठे?’ याचं उत्तर काढा. निम्म्याहून जास्त वेळ हे उत्तर एकही पाना न लावता मिळतं.

तक्रार नेमकी कोणती?

‘क्लच ऑइलचा प्रॉब्लेम’ या एका नावाखाली तीन वेगळे बिघाड येतात आणि तिघांचा इलाज वेगळा आहे.

गिअर टाकून, पेडल दाबून उभे आहात आणि पेडल हळूहळू खाली जातंय, गाडी पुढे रेटायला लागली आहे, पण डबीतली पातळी मात्र तशीच आहे. अशा वेळी मास्टर सिलिंडरच्या, म्हणजे पेडलने ऑइल पुढे रेटणाऱ्या सिलिंडरच्या, पुढच्या सीलवरून ऑइल आतल्या आत मागे जात असतं. थेंबभरही बाहेर पडत नाही, त्यामुळे गाडीखाली शोधून काही उपयोग नाही. मास्टरच बघावा लागतो.

दुसरा प्रकार फसवा. पातळी तशीच, पण पेडल स्पंजी. एअर काढली की काही दिवस ठीक, मग पुन्हा रिव्हर्स टाकताना कर्रकन आवाज. पेडल झटक्यात सोडलं की मास्टरचा पिस्टन वेगाने मागे येतो आणि लाइनमध्ये क्षणभर ओढ तयार होते. थकलेलं सील दाबाखाली ऑइल धरून ठेवतं, पण त्या ओढीत बाहेरची हवा आत घेतं. सायकलच्या पंपातल्या चामड्याच्या वायसरसारखीच या सीलची रचना असते: दाब आला की कड फाकून भिंतीला घट्ट बसते, दाब गेला की सैल पडते. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढे बरंच काही यावरूनच उलगडतं.

तिसरा प्रकार म्हणजे पातळी खरोखर खाली जाणं. इथून पुढे त्याबद्दलच.

डबी कोणाची आहे ते बघा

काही गाड्यांत क्लचला स्वतःची छोटी डबी असते, काहींत ब्रेकच्या डबीतूनच एक रबरी नळी क्लचच्या मास्टरकडे गेलेली असते. तुमची डबी सामायिक असेल तर तपास दुप्पट होतो, पण एक सोपी खूणही मिळते. सामायिक डबीत क्लचचा फाटा मुद्दाम वरच्या बाजूला काढलेला असतो, म्हणजे क्लच गळला तरी ब्रेकच्या वाट्याचं ऑइल शिल्लक राहतं. पातळी त्या फाट्याच्याही खाली गेली असेल तर ते ऑइल क्लचने नेलेलं नाही. तसं असेल तर क्लचचा विषय तिथेच सोडा, गाडी उभी करा आणि ब्रेकचे पाइप, चाकांचे सिलिंडर, कॅलिपर आणि पॅडची झीज बघा. क्लच गेला तर गाडी अडकते, ब्रेक गेले तर ती थांबत नाही.

थोडं गणित

मास्टरचा बोअर (आतला व्यास) १९ मिमी आणि पिस्टनची चाल ३० मिमी धरली, तर पेडलच्या एका दाबात पुढे जाणारं ऑइल भरतं जेमतेम साडेआठ मिली. बाटलीच्या झाकणात मावेल इतकं. समोर स्लेव्हचा बोअर २२ मिमी असेल तर एवढ्या ऑइलने पिस्टन साधारण २२ मिमी सरकतो. आता लाइनमध्ये फक्त १ मिली हवा शिरली तर दाबाखाली ती आकसून जवळपास नाहीशी होते आणि स्लेव्हची अडीच मिमीपेक्षा जास्त चाल वाया जाते. क्लच पूर्ण सुटायला लागणारी चाल आधीच काटेकोर असते, त्यामुळे एवढ्यावरही गिअर अडखळायला लागतात. तुमच्या गाडीचे आकडे वेगळे असतील, पण प्रमाण याच घरातलं. म्हणूनच क्लचच्या बाबतीत ‘गळती अगदी बारीक आहे’ यात समाधान मानण्यासारखं काही नसतं.

शोध

गाडी सपाट जागी लावा. इंजिन थंड असताना डबीवर पातळीपाशी मार्करने बारीक रेघ ओढा. डबीचं झाकण, मास्टरचा बाहेरचा भाग, पाइपचे जोड, स्लेव्ह आणि बेल हाउसिंगची (इंजिन आणि गिअरबॉक्समधल्या, क्लच झाकणाऱ्या कवचाची) खालची बाजू धुऊन कोरडी करा. जुन्या गाडीखाली इतका चिखल आणि ऑइल साचलेलं असतं की धुतल्याशिवाय नवीन ओल दिसणं अशक्य. मग स्लेव्हखाली आणि बेल हाउसिंगखाली स्वच्छ पुठ्ठा अंथरा आणि रात्रभर गाडीला हात लावू नका.

सकाळी पेडल न दाबता आधी पातळी बघा. उभ्या उभ्या ऑइल कमी झालं असेल तर दाबाचा प्रश्नच नाही: डबीला तडा, डबी आणि मास्टरमधली रबरी नळी, तिची क्लिप, खालचा ग्रोमेट, मास्टरचं मागचं सील किंवा मघाशी म्हटलं तसं दाब नसताना सैल पडणारं स्लेव्हचं सील. उभी असताना पातळी हलली नाही, पण दिवसभर चालवल्यावर खाली गेली, तर दाबाखालचे भाग बघा: पाइप, होज, जोड आणि स्लेव्ह. थंडीत रबर कडक होतं, म्हणून काही गाड्या फक्त गार पहाटे गळतात आणि ऊन चढलं की शहाण्यासारख्या वागतात. अशी गाडी दुपारी मिस्त्रीकडे नेली तर तो ‘काहीच नाही’ म्हणणार आणि तो खोटंही बोलत नसतो.

मास्टर सिलिंडर

इथली गळती लपते, कारण ती बॉनेटखाली न होता आत, तुमच्या पायाशी होते. सर्वसाधारण रचनेत मागच्या सीलवर पेडलचा दाब येतच नाही. त्याच्यापुढे डबीतलं ऑइल नुसतं उभं असतं. म्हणून पेडल उत्तम लागत असतानाही मास्टर गळत असू शकतो. ‘पेडल चांगलं आहे म्हणजे मास्टर चांगला’ हा तर्क इथे चुकतो.

ड्रायव्हरच्या पायाशी उलटं पडून, टॉर्च लावून पेडलचा पुशरॉड (पिस्टन ढकलणारी दांडी) जिथे फायरवॉलमध्ये (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यात) शिरतो तिथे बघा. रबरी बूट असेल तर तो बोटाने मागे सरकवा आणि आत टिश्यूचं टोक फिरवा. टोक ओलं आणि बुळबुळीत झालं तर निकाल लागला. टिश्यू कोरडा असेल तरी पेडलच्या दांड्यावरून हात फिरवा; ओघळ बहुतेक वेळा तिथूनच खाली येतो आणि चटईखालच्या फेल्टमध्ये मुरतो. चटईचा वरचा पृष्ठभाग कोरडा असतो, म्हणून ती उचलून खालचा पत्रा बघायचा. तिथला रंग फुगलेला, सोललेला किंवा चिकट झालेला असेल तर गळती जुनी आहे. ग्लायकॉलचं हे ऑइल रंग खातं आणि आपल्याला माग ठेवून जातं. बॉनेटच्या बाजूनेही मास्टरच्या फ्लॅंजखाली रंगाचा पट्टा उडालेला दिसतो का बघा. लँड रोव्हरच्या जुन्या गाड्यांसारखा पेडलचा वेगळा बॉक्स असेल तर ऑइल आधी त्यात साचतं आणि बऱ्याच उशिरा खाली येतं.

डबीचं झाकणही बघा. सील चपटं झालेलं झाकण सरळ रस्त्यावर काही दाखवत नाही. गाडी आडव्या उतारावर कलली किंवा दगडांतून हिंदकळली की तिथून ऑइल उडतं. फक्त ऑफ-रोड जाऊन आल्यावर पातळी कमी होत असेल तर पहिला संशय झाकणावर घ्या. डबी काठोकाठ भरायची सवय असेल तर दुसरा संशय त्या सवयीवर.

ऑइल कुठेच सांडत नाही, तरी गायब

असं खरोखर घडतं आणि त्यामागे बहुतेक वेळा व्हॅक्यूम असतो. काही मोठ्या डिझेल फोर-बाय-फोरमध्ये, उदाहरणार्थ निसान पॅट्रोलच्या काही मॉडेलमध्ये, क्लचलाही ब्रेकसारखा, पेडल हलकं करणारा व्हॅक्यूम बूस्टर असतो. मास्टर त्या बूस्टरच्या तोंडावर बसलेला असल्यामुळे मागचं सील गळलं की ऑइल थेट बूस्टरच्या पोटात जातं. बाहेर सगळं कोरडं. सामायिक डबीच्या गाडीत ब्रेकचा मास्टर त्याच्या बूस्टरमध्ये गळला तरी हेच चित्र दिसतं. खात्री करायला मास्टरचे नट काढून तो पाइप न वाकवता थोडा पुढे घ्या आणि मागचं तोंड बघा. बूस्टरच्या व्हॅक्यूम नळीच्या आतही बोट फिरवून बघा. पेट्रोल इंजिन हे ऑइल ओढून जाळतं आणि मागून पांढरा धूर सोडतं. अनेक डिझेल गाड्यांत व्हॅक्यूम पंपातून निघालेली हवा इंजिनच्या ऑइल चेंबरमध्ये जाते, म्हणजे क्लचचं ऑइल शेवटी इंजिन ऑइलमध्ये मिसळू शकतं. अशा वेळी मास्टर बदलून भागत नाही. बूस्टर रिकामा करून तपासावा लागतो, कारण आतला पडदा फुगून निकामी झालेला असू शकतो.

पाइप आणि होज

यात फार गूढ नाही. लोखंडी पाइप जिथे क्लिपमध्ये बसतो तिथे चिखल साठतो आणि पाइप क्लिपखाली बाहेरून गंजतो. क्लिप सोडून खालची बाजू बघा. फ्लेअर नटचे जोड, बँजो बोल्टचे तांब्याचे वायसर (एकदा काढले की नवीनच घालायचे) आणि शेवटी रबरी होज. कोणाला तरी पेडल दाबायला सांगा आणि होज मुठीत धरा. फुगताना जाणवला तर तो गेलाच. इंजिन किंवा गिअरबॉक्सची माउंटिंग बसली असतील, किंवा बॉडी उंच करताना होज तसाच ठेवला असेल, तर तो ताणला जाऊन टोकाशी चिरतो.

स्लेव्ह

बहुतेक गळत्या इथे सापडतात, कारण मार खाणारा भागही हाच. खाली बसलेला, एक्झॉस्टजवळ तापणारा, चिखल-पाण्यात बुडणारा. टोयोटा लँड क्रूझरच्या जुन्या मॉडेलसारखा स्लेव्ह बाहेर, फोर्कच्या शेजारी असेल तर काम सोपं. बूटची कड सोलून बाजूला घ्या. आत नुसता काळसर दमटपणा असेल तर घाबरायचं कारण नाही, पण खाली धार लागली किंवा बोटावर थेंब आला तर सील संपलं. बूट बराच वेळ ऑइल साठवून ठेवतो आणि गाडी कलली की एकदम ओकतो. त्यामुळे आठवडाभर पुठ्ठा कोरडा आणि एक दिवस मोठा डाग, असं दिसू शकतं.

लँड रोव्हर डिफेंडरमध्ये स्लेव्ह दिसतो बाहेरून, पण त्याचा पुशरॉड बेल हाउसिंगच्या आत उघडतो. तिथे बूट सोलून बघायची सोय नाही; गळलेलं ऑइल आत पडतं आणि हाउसिंगच्या तळाच्या भोकातून बाहेर येतं. पाण्यातून जाताना ते भोक बंद करायला एक प्लग असतो. तो लावून ठेवला आणि काढायचा राहिला तर गळती दिसणारच नाही, ऑइल आतच साचेल. आधी तो प्लग काढा.

आणि ज्या गाड्यांत स्लेव्ह गिअरबॉक्सच्या शाफ्टभोवती, रिलीज बेअरिंगसकट आतच बसवलेला असतो त्यांत तर गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय काहीच दिसत नाही. तिथे तळाच्या भोकातून येणारा थेंब हाच एकमेव साक्षीदार.

तो थेंब कोणाचा?

बेल हाउसिंगखालून पडणारा थेंब तीन ठिकाणचा असू शकतो: इंजिनच्या मागच्या सीलचा, गिअरबॉक्सच्या पुढच्या सीलचा किंवा क्लचचा. इथे चूक महागात पडते. पारदर्शक ग्लासात पाणी घ्या आणि तो थेंब त्यात सोडा. इंजिन ऑइल किंवा गिअर ऑइल असेल तर ते वर तरंगतं आणि उजेडात इंद्रधनुषी पापुद्रा दिसतो. ब्रेक-क्लचचं ग्लायकॉल ऑइल पाण्यात विरघळतं. आधी पाकासारख्या वेटोळ्या रेषा खाली उतरताना दिसतात, ढवळलं की नाहीशा होतात आणि वर काही उरत नाही. थेंब मळलेला असेल तर दोन्ही थोडंथोडं दिसेल, कारण जुन्या गाडीत इंजिनचं सीलही पाझरत असतंच. गिअर ऑइलला गंधकाचा उग्र वास असतो, तो एकदा ओळखला की विसरत नाही. रेडिएटरचं कूलंटही पाण्यात विरघळतं, पण त्याचा रंग बहुधा ठळक असतो. चाखून बघायचा मोह मात्र नको. हे विषारी असतं.

क्लच घसरतोय किंवा गाडी सुटताना थरथरतेय आणि शिवाय डबीही उतरतेय, असं दोन्ही एकत्र असेल तर ऑइल प्लेटपर्यंत पोहोचल्याची शंका घ्या. भिजलेली प्लेट धुऊन पूर्ववत होत नाही.

मास्टर की स्लेव्ह, हे ठरत नसेल तर

मास्टरचा बाहेर जाणारा पाइप सोडवून त्याच्या भोकात त्याच आट्यांचा बंद प्लग घट्ट बसवा, आतली हवा काढा आणि पेडल दाबा. पेडल वरच्या वर दगडासारखं लागलं आणि जोर ठेवूनही तसूभर हललं नाही, तर मास्टर दाब धरतोय. ही चाचणी पुढच्या सीलची. मागच्या सीलबद्दल ती काहीच सांगत नाही, त्यासाठी टिश्यूच. प्लगच्या आट्या जुळतात याची खात्री करा. जुन्या ब्रिटिश गाड्यांत इंची आट्या असतात, जपानी गाड्यांत मिलिमीटरच्या, आणि जबरदस्तीने आवळला तर मास्टर फुकट जातो.

रबरी होज क्लॅम्पने चिमटून हीच चाचणी करणारे बरेच आहेत. सोपी आहे खरी, पण वीस वर्षांचा होज चिमटला की आतला थर तुटतो. होज बदलायचाच असेल तर खुशाल करा.

बदलूनही परत का गळतं?

या तक्रारीचं मूळ बहुधा इथेच असतं. सील कधीच नुसतं वयाने मरत नाही असं नाही, पण नवीन सील काही महिन्यांत गेलं तर त्याला कोणीतरी मारलं आहे.

सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे खराब बोअरमध्ये घातलेलं नवीन रबर किट. पिस्टन काढल्यावर बोअर कापडाने पुसा, टॉर्च आत धरा आणि नखाचं टोक भिंतीवरून फिरवा. नख अडकलं तर किट घालू नका. लोखंडी बोअरवर नुसती चकाकी किंवा हलका डाग असेल तर बारीक होनने (बोअर घासायच्या हत्याराने) साफ करता येतो. अॅल्युमिनियमच्या बोअरला होन लावायचा नाही. वरचा कडक थर निघून जातो आणि उघडा पडलेला मऊ धातू नवीन सील खाऊन टाकतो. ‘घासून चकाचक केलंय’ असं अभिमानाने सांगितलं जातं, पण तीच पुढच्या गळतीची सुरुवात असते.

दुसरं कारण: स्लेव्ह बदलला आणि काही दिवसांत मास्टर गळायला लागला. लोक याला नशीब म्हणतात. रोजच्या वापरात मास्टरचं सील बोअरच्या ठरावीक पट्ट्यातच फिरतं. त्याच्या पलीकडे, तळाशी, वर्षानुवर्षांचा गाळ आणि गंज बसलेला असतो. स्लेव्ह बदलल्यावर एअर काढताना पेडल जमिनीपर्यंत दणादण मारलं जातं, सील पहिल्यांदाच त्या गाळावरून घासत जातं आणि त्याची कड फाटते. म्हणून दोन्ही सिलिंडर एकाच वयाचे असतील तर दोन्ही एकदम बदलणं हा वायफळ खर्च नाही. एकच बदलायचा असेल तर निदान एअर काढताना पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवून चाल मर्यादित करा.

तिसरं कारण आडव्या जोराचं. पेडलचा बुश झिजलेला, पेडलला पुशरॉड जोडणाऱ्या क्लेव्हिस पिनचं भोक लांबट झालेलं, फायरवॉलला मास्टरजवळ बारीक चीर. पेडल दाबताना मास्टरकडे बघा. तो सगळाच हलत असेल तर पुशरॉड पिस्टनला तिरका रेटतोय आणि सील एकाच बाजूने झिजतंय. जुनं सील फेकण्याआधी नीट बघा. कड सगळीकडून सारखी गोलसर झाली असेल तर वय, एकाच बाजूला चपटी असेल तर तिरका जोर, आडवे ओरखडे असतील तर बोअर किंवा चिखल, आणि फुगून लिबलिबीत झाली असेल तर चुकीचं ऑइल.

चौथं, स्लेव्हचा पिस्टन गरजेपेक्षा बाहेर येणं. फोर्क वाकलाय, त्याच्या पिव्होटचा गोळा झिजून फोर्कमध्ये रुतलाय, किंवा मागच्या कामात पुशरॉड वेगळ्या लांबीचा बसलाय. मग सील बोअरच्या तोंडाशी, जिथे पाणी आणि गंज पोहोचलाय, तिथे काम करायला लागतं. स्लेव्ह तीनदा बदलूनही थांबत नसेल तर फोर्क तपासल्याशिवाय चौथा घेऊ नका.

पेडल जड झालंय का हेही बघा. क्लचचं थकलेलं कव्हर (प्रेशर प्लेट) किंवा फोर्कचा कोरडा पिव्होट लाइनमधला दाब वाढवतो आणि सगळ्या सीलांचं आयुष्य कमी करतो. आणि पुशरॉड आणि मास्टरच्या पिस्टनमध्ये मॅन्युअलने सांगितलेली फट हवी, बहुधा मिलिमीटरभराच्या आसपास. ती नसेल तर डबीकडे जाणारं परतीचं भोक उघडंच होत नाही, तापलेल्या ऑइलचा दाब अडकून राहतो आणि क्लच घसरतो.

ऑइल कोणतं?

झाकणावर लिहिलेलं. बहुतेक जुन्या गाड्यांत डॉट ३ किंवा डॉट ४. दोन्ही ग्लायकॉलची, एकमेकांत मिसळली तरी चालतात. फरक उकळण्याच्या किमान तापमानाचा: डॉट ३ नवीन असताना २०५ अंश सेल्सिअस आणि पाणी शोषल्यावर १४०, डॉट ४ अनुक्रमे २३० आणि १५५. डॉट ५ हे सिलिकोनचं वेगळंच प्रकरण आहे, ते यांत मिसळायचं नाही, डॉट ५.१ मात्र नावात ५ असूनही ग्लायकॉलचंच. इंजिन ऑइल, पॉवर स्टीअरिंगचं ऑइल किंवा डिझेल यांतलं काहीही अडचणीतसुद्धा घालू नका. खनिज तेलाने ही रबरं फुगतात. पूर्वी कोणी घातलंय का याची शंका असेल तर डबीच्या झाकणातला रबरी पडदा बघा. तो पसरून वेडावाकडा झाला असेल आणि जागेवर बसत नसेल तर एक-दोन सील बदलून भागणार नाही. मास्टर, स्लेव्ह, होज सगळं बदलून लोखंडी पाइप धुवावा लागेल. हे ऑइल हवेतलं पाणी शोषतं, म्हणून दोन वर्षांनी पूर्ण बदला आणि उघडून ठेवलेली अर्धी बाटली वापरू नका.

एअर काढताना

स्लेव्ह उलटा बसवला जाऊ शकतो. हवा काढायचं निपल होजच्या जोडापेक्षा वर असायला हवं, नाहीतर कितीही पंप मारा, बुडबुडा आतच राहणार. हट्टी हवेसाठी माझा भरवसा उलट्या पद्धतीवर आहे. बाहेरचा स्लेव्ह असेल तर तो सोडवून तोंड खाली आणि जोड वर करून धरा आणि पुशरॉड हाताने अगदी सावकाश आत दाबा. बुडबुडे वरच्या वर डबीत येताना दिसतात. सोडवलेल्या स्लेव्हवर पेडल मात्र दाबायचं नाही, पिस्टन बाहेर उडतो. गाडीखाली जाण्याआधी स्टँड लावा, नुसत्या जॅकवर विसंबू नका. डोळ्यांना चष्मा हवा, आणि सांडलेलं ऑइल तापलेल्या एक्झॉस्टवर जाऊ देऊ नका, ते पेट घेऊ शकतं.

वाटेतच क्लच गेला तर

आधी डबी भरा आणि पेडल भराभर मारून बघा. थोडा दाब येतो आणि तेवढ्यावर गिअर काढता येतो. तोही आला नाही तर फोर-बाय-फोरचा एक फायदा कामाला येतो. इंजिन बंद करा, लो रेंज (कमी वेगाचा, जास्त जोराचा वेगळा गिअर) लावा, पहिला गिअर टाका आणि तसाच स्टार्टर मारा. लो रेंजमध्ये गाडी इतक्या कमी वेगाने निघते की स्टार्टर तिला ओढून नेतो. पेडल दाबल्याशिवाय स्टार्टर न फिरणाऱ्या गाड्यांतही पेडल जमिनीपर्यंत जातंच, त्यामुळे स्विच बहुधा फसतो. पुढचे गिअर ॲक्सिलरेटर सोडून, आर.पी.एम. जुळवत हलक्या हाताने टाकायचे. समोर माणसं किंवा गाड्या असताना हा प्रयोग करू नका. स्टार्टर मारताक्षणी गाडी निघालेली असते.

दुरुस्तीनंतर

काम झाल्यावर पत्रा, पेडल, फेल्ट आणि बेल हाउसिंगचा तळ भरपूर पाण्याने धुवा. ऑइल पाण्यात विरघळत असल्यामुळे साबणाचीही फारशी गरज पडत नाही. हे केलं नाही तर फेल्टमधलं जुनं ऑइल दिवसेंदिवस ठिबकत राहतं आणि नवीन मास्टर विनाकारण बदनाम होतो. डबी कमाल खुणेच्या थोडी खाली भरा, प्लेट झिजेल तशी पातळी वर यायला जागा लागते. मार्करची नवी रेघ ओढा आणि सुरुवातीला रोज थंड इंजिनवर बघा. पहिल्या एक-दोन दिवसांत पातळी केसभर उतरली आणि पेडल सुधारलं तर ती शेवटची हवा निघालेली असते. त्यानंतरही उतरत राहिली तर पुठ्ठा पुन्हा अंथरा.